पासष्टीच्या अलीकडची दरी

(एपिसोडचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा आला तर इअरफोन लावा.)

आजचा विषय सांगितला की तुमच्यातले निम्मे लोक एपिसोड बंद करतील, ही भीती मनात ठेवूनच सुरुवात करतोय. विषय आहे पेन्शन. तुम्ही पंचविशीत, तिशीत. पेन्शन हा शब्द आजोबांच्या बँकेच्या पासबुकात शोभतो, आपल्या फोनवर नाही. बरोबर?

पण जरा थांबा. आज मी पेन्शनबद्दल कमी बोलणार आहे. पेन्शन सुरू व्हायच्या आधीची जी काही वर्षं असतात ना, त्यांच्याबद्दल जास्त बोलणार आहे. म्हणजे असं बघा, माणूस सत्तावन्न-अठ्ठावन्नचा झालाय. कंपनी बंद पडली किंवा कंपनीला तो नकोसा झाला. नवीन नोकरी कोणी देत नाही, कारण वय. आणि पेन्शन मिळत नाही, त्याचंही कारण वयच. एका दारावर लिहिलंय ‘तुमचं वय जास्त आहे’, दुसऱ्या दारावर लिहिलंय ‘तुमचं वय कमी आहे’. मधल्या वर्षांत त्या माणसानं खायचं काय?

प्रत्येक घरात, प्रत्येक सोसायटीत असा एक तरी काका असतो. पन्नाशी उलटली, व्हीआरएस घेतली किंवा घ्यायला लावली, आणि मग काही वर्षं ते नुसते सकाळी पेपर घेऊन खाली बसलेले दिसतात. आपण त्यांना ‘निवृत्त’ म्हणतो. कागदावर ते निवृत्त नसतात आणि कामावरही नसतात.

या मधल्या दरीवर सरकारं पूल बांधतात. त्या पुलावर कोणाला चढू द्यायचं, पूल किती लांब ठेवायचा, तो कोणी पाडायचा, याचा इतिहास म्हणजे आजचा एपिसोड. यासाठी मी देश निवडलाय नेदरलँड्स. कारण तिथे हा पूल बांधला गेला, पाडला गेला आणि पुन्हा अर्धवट बांधला गेला, आणि या सगळ्याच्या तारखा कायद्यांत नोंदलेल्या आहेत. शिवाय आइंडहोव्हन, अॅमस्टेलव्हेन, द हेगमध्ये आपली मराठी मुलंमुली आज नोकरी करतात आणि त्यांच्या पगारातून याच व्यवस्थेत पैसे जातात. शेवटी थोडा वेळ आपण मुंबईच्या गिरणगावातही येऊ, कारण तिथेही असाच एक पूल बांधला होता. चला तर मग.

ड्रेस यांचे पैसे

पेन्शनचं वय ६५ कुठून आलं? एक लोकप्रिय गोष्ट अशी आहे की जर्मनीच्या बिस्मार्कनं ते ठरवलं. बिस्मार्कच्या काळात, १८८९ मध्ये, जर्मनीत म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला हे खरं. पण त्यात वय होतं ७०! ते ६५ वर आलं १९१६ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असताना. तेव्हा बिस्मार्क जाऊन अठरा वर्षं झाली होती.

नेदरलँड्समध्ये दुसरं महायुद्ध संपल्यावर विलेम ड्रेस नावाचे समाजकल्याणमंत्री होते. (ड्रेस. कपड्यांचा नाही, आडनाव आहे.) त्यांनी १९४७ मध्ये एक तातडीचा कायदा आणला : ज्यांचं वय ६५ झालंय आणि उत्पन्न कमी आहे, त्यांना सरकार दरमहा पैसे देईल. लोकांनी त्याला इतकं आपलं मानलं की ‘पेन्शन मिळतं’ असं न म्हणता ‘ड्रेसकडून मिळतं’ असं म्हणायला लागले. पुढे ड्रेस पंतप्रधान झाले आणि त्यांच्याच काळात १ जानेवारी १९५७ पासून कायमचा कायदा लागू झाला. त्याचं नाव एओडब्ल्यू. डच लोक त्याचा उच्चार आ-ओ-वे असा करतात.

या कायद्याची गंमत म्हणजे तो गरीब-श्रीमंत बघत नाही. तुम्ही नोकरी केली का, किती कमावलं, काही विचारत नाही. देशात राहिलात ना, मग प्रत्येक वर्षामागे २ टक्के हक्क जमा होतो. ५० वर्षांत १०० टक्के. आज जे कामावर आहेत त्यांच्याकडून पैसे घ्यायचे आणि आज जे म्हातारे आहेत त्यांना द्यायचे, असा सरळ हिशोब.

आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. ६५ हा आकडा एकदा कायद्यात बसला की बाकीचे सगळे त्याला येऊन बांधले जातात. कंपनीची पेन्शन ६५ ला सुरू. अपंगत्वाचा विमा ६५ ला संपणार. बेकारी भत्ता ६५ ला बंद. नोकरीचा करार ६५ ला आपोआप खलास. एकच खुंटी आणि तिला बांधलेले दहा दोर. खुंटी हलत नाही तोवर सगळं छान.

‘काका, जरा जागा द्या’

१९७३ मध्ये तेलाचं संकट आलं. युरोपभर कारखाने बंद पडायला लागले. नेदरलँड्समध्ये १९८० च्या सुरुवातीला बेकारी भयंकर वाढली आणि सगळ्यात जास्त फटका बसला तरुणांना. मग सरकार, मालक आणि कामगार संघटना, तिघांच्याही मनात एकच विचार आला : म्हाताऱ्यांना लवकर घरी पाठवू, त्यांच्या जागी पोरं लागतील.

हा विचार ऐकायला इतका साधा आहे की आजही आपल्या ऑफिसात कोणीतरी तो बोलून दाखवतोच. पण नोकऱ्या म्हणजे बसमधल्या सीट नव्हेत, एक उठला की दुसरा बसला असं होत नाही. जुन्या माणसाला घरी बसवायचं तर त्याला पैसे द्यावे लागतात, ते पैसे कामावर असलेल्यांच्या पगारातून कापावे लागतात, त्यामुळे माणूस कामावर ठेवणं महाग होतं. आणि महाग झालं की मालक नवीन माणूस कमी घेतो. डच लोकांना हे कळायला पंधरा-वीस वर्षं लागली.

तोवर पूल बांधून झाले होते. एक नाही, तीन.

पहिला पूल होता ‘व्हुत’ नावाच्या योजनांचा. व्हुत म्हणजे मुदतीआधीची निवृत्ती. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून एकेका उद्योगात करार झाले. साठी-बासष्टीला निघा, ६५ पर्यंत बऱ्याचदा शेवटच्या पगाराच्या ८० टक्क्यांच्या आसपास रक्कम घ्या. पण यात एक मेख होती. व्हुतमध्ये तुमच्या नावावर काही साठत नव्हतं. आज कामावर असलेले सहकारी वर्गणी भरायचे, ती आज निघालेल्यांना वाटली जायची. त्यामुळे हक्क मिळायचा तो ठरलेल्या वयाला त्या उद्योगात नोकरीवर असलेल्यालाच. तीस वर्षं वर्गणी भरून वयाला सहा महिने कमी असताना नोकरी गेली, तर हातात शून्य!

दुसरा पूल अपंगत्वाच्या भत्त्याचा. १९६७ मध्ये आलेला हा कायदा आजारी कामगारांसाठी होता. पण बेकारी भत्त्यापेक्षा तो जास्त दिवस आणि जास्त सन्मानानं मिळायचा. त्यामुळे मालकांनी नको असलेल्या वयस्कर कामगारांना सर्रास या रस्त्यानं काढलं. कामगारही तक्रार करत नव्हते. संख्या दहा लाखांकडे सरकायला लागली, तेव्हा १९९० मध्ये पंतप्रधान रूड लुबर्स यांनी जाहीरपणे सांगितलं की हा देश आजारी आहे, आणि आकडा दहा लाखांवर गेला तर आपण पद सोडू.

तिसरा पूल बेकारी भत्त्याचा, आणि हा सगळ्यात मजेशीर. कारण तो गणितानं बांधलेला होता. जुन्या नियमांत भरपूर वर्षं नोकरी केलेल्या माणसाला पगाराशी निगडित भत्ता जास्तीत जास्त ५ वर्षं मिळायचा. त्यानंतर किमान वेतनाच्या हिशोबानं पुढचा भत्ता. आणि ज्याची नोकरी साडेसत्तावन्नाव्या वर्षी किंवा नंतर गेली, त्याला हा पुढचा भत्ता साडेतीन वर्षं. आता बेरीज करा. साडेसत्तावन्न अधिक पाच, साडेबासष्ट. अधिक साडेतीन, सहासष्ट. म्हणजे पासष्टीचा काठ आरामात गाठला. वर आणखी एक सवलत : साडेसत्तावन्नच्या पुढच्या बेकाराला नोकरीसाठी अर्ज करायची सक्तीच नव्हती.

थोडक्यात, सरकारच सांगत होतं की काका, तुम्ही आता नोकरी शोधू नका, नाव बेकारांत राहू द्या, पासष्टीला भेटू. या सगळ्याचा परिणाम काय झाला? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ५५ ते ६४ या वयातल्या डच लोकांपैकी साधारण तीनातला एकच जण कामावर होता.

पूल पाडायचं ठरतं

मग हवा बदलली. महायुद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी म्हातारी व्हायला निघाली होती. १९४६ ची मुलं २०११ मध्ये पासष्टीची होणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पैसे घेणारे वाढणार, भरणारे त्या प्रमाणात वाढणार नाहीत. ज्या सरकारनं वीस वर्षं ‘घरी बसा’ म्हटलं, तेच आता म्हणायला लागलं, ‘काम करा’.

पूल एकेक करून उतरवले गेले. २००३ मध्ये बेकारीतला तो पुढचा भत्ता नव्या लोकांसाठी बंद झाला. २००४ पासून साडेसत्तावन्नच्या पुढच्यांनाही अर्ज करणं सक्तीचं झालं. २००६ च्या ऑक्टोबरपासून बेकारी भत्त्याची कमाल मुदत ५ वर्षांवरून ३८ महिन्यांवर आली. आणि व्हुतला मिळणारी करसवलत काढून घेण्याचं ठरलं.

लोक गप्प बसले नाहीत. २ ऑक्टोबर २००४, म्हणजे आपल्याकडे गांधी जयंतीची सुट्टी होती त्या दिवशी, अॅम्स्टरडॅमच्या म्युझियम चौकात दोन लाखांहून जास्त माणसं जमली. एवढ्याशा देशात हा आकडा प्रचंड आहे. त्यानंतर सरकारनं थोडी माघार घेतली आणि एक रेघ ओढली : १ जानेवारी १९५० च्या आधी जन्मलेल्यांची सवलत शाबूत, नंतरच्यांची गेली. ३१ डिसेंबर १९४९ ला जन्मलेला आणि दुसऱ्या दिवशी जन्मलेला, दोघं एकाच यंत्रावर तीस वर्षं काम करत असतील. तरी एकाला लवकर निघता येणार, दुसऱ्याला नाही.

कुठेतरी रेघ ओढावीच लागते, हे मान्य. पण ती रेघ किती आधी दाखवली, हा खरा प्रश्न असतो. याचं एक चांगलं उदाहरणही त्याच देशात आहे. तिथे पूर्वी नवरा ६५ चा झाला आणि बायको तरुण, बिनकमाईची असेल, तर तिचं वय होईपर्यंत त्याला जादा रक्कम मिळायची. (बायको मोठी असेल तर उलट.) हाही एक पूलच. तो बंद करायचा निर्णय १९९० च्या दशकाच्या मध्यात झाला, आणि अंमल २०१५ मध्ये. जवळजवळ वीस वर्षांची सूचना! तक्रारी झाल्या, पण लोकांना हिशोब बदलायला अर्धं आयुष्य मिळालं होतं.

आता याच्या अगदी उलट काय झालं ते ऐका.

खुंटी हलली

पेन्शनचं वय वाढवायचं यावर डच राजकारणात वर्षानुवर्षं घोळ चालला होता. बेत असा होता की २०२० मध्ये ६६ करायचं. म्हणजे लोकांना आठेक वर्षं मिळाली असती. पण २०१२ च्या एप्रिलमध्ये सरकारची तूट युरोपीय संघाच्या ३ टक्क्यांच्या मर्यादेत बसवण्यासाठी बोलणी चालू असताना खेर्ट विल्डर्स टेबलावरून उठून गेले आणि मार्क रुटे यांचं पहिलं मंत्रिमंडळ कोसळलं. तीन-चार दिवसांत पाच पक्षांनी घाईघाईनं एक करार जुळवला. त्यातलं एक कलम होतं : पेन्शनचं वय २०२० ची वाट न बघता, लगेच, १ जानेवारी २०१३ पासून वाढवायला घ्यायचं. वरिष्ठ सभागृहानं कायदा मंजूर केला १० जुलै २०१२ ला. हातात उरले सहा महिनेसुद्धा नाहीत.

पहिल्या वर्षी वाढ किती? एक महिना. ६५ वर्षं १ महिना. तुम्ही म्हणाल, एका महिन्यानं काय होतंय!

एक काल्पनिक माणूस घेऊ. नाव ठेवू यान. जन्म जानेवारी १९४८. यान २००९ मध्ये व्हुत घेऊन निघाला. करारात लिहिलेलं : पैसे ६५ पर्यंत. तेव्हा ६५ म्हणजे पेन्शन, यात कुणालाच शंका नव्हती. जानेवारी २०१३ मध्ये यान ६५ चा होतो. व्हुत बंद. पेन्शन? पुढच्या महिन्यात. मधल्या महिन्याचं घरभाडं कोण देणार?

यानचा तर एकच महिना. पण वय पुढे सरकतच राहिलं, आणि २०१५ मध्ये नवा कायदा करून वेग आणखी वाढवला. फेब्रुवारी १९५२ मध्ये जन्मलेल्याला पेन्शन मिळायला ६५ वर्षं ९ महिने लागले. आता त्यानं समजा कधीकाळी खासगी अपंगत्व विमा घेतला असेल आणि पॉलिसीवर ‘६५ पर्यंत’ असं छापलं असेल, तर नऊ महिने कोरडे. बघा, सरकारनं खुंटी हलवली, पण तिला बांधलेले दोर तेवढेच राहिले.

डच लोकांनी या प्रकाराला नावच दिलं, ‘एओडब्ल्यूचं भोक’.

सरकारनं आधी काय केलं? उचल दिली. आपल्याकडे ऊसतोड कामगाराला मुकादम उचल देतो ना, तसं. या महिन्याचे पैसे आत्ता घ्या, पुढच्या पेन्शनमधून कापून घेऊ. त्यावर टीका झाली. मग २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये खरीखुरी पूल-योजना आली, तिचं नावच मुळी ‘एओडब्ल्यू पूल व्यवस्था’ अशा अर्थाचं, आणि ती जानेवारीपासून मागच्या तारखेनं लागू केली. पण पुलाच्या तोंडाशी चौकीदार होता. तुम्ही १ जानेवारी २०१३ ला आधीच व्हुतसारख्या योजनेत असायला हवं. उत्पन्न एकट्याचं असेल तर किमान वेतनाच्या दुपटीपेक्षा कमी, जोडप्याचं असेल तर तिपटीपेक्षा कमी. शिल्लक ठराविक रकमेखाली. राहतं घर त्यात धरायचं नाही. म्हणजे काटकसर करून बँकेत चार पैसे साठवलेला माणूस बाहेर.

काही जण कोर्टात गेले. त्यात माजी सैनिक होते. लष्करात वयाच्या पन्नाशीत सक्तीनं निवृत्त व्हावं लागतं, आणि त्यांचा भत्ता ६५ ला संपायचा. निघायचं की नाही हे त्यांच्या हातात नव्हतं, आणि पेन्शनचं वय वाढवणंही त्यांच्या हातात नव्हतं. २०१६ मध्ये अशा प्रकरणांतल्या सर्वोच्च अपील न्यायालयानं सैनिकांच्या बाजूनं निकाल दिला : मिळालेली भरपाई अपुरी होती आणि हा वयावरून केलेला भेदभाव होता.

एक महिना इकडे, एक महिना तिकडे

आता आजचं चित्र. समजा नेदरलँड्समध्ये आज साठीच्या आसपास नोकरी गेली. काय मिळतं?

पहिली पायरी बेकारी भत्ता. शेवटच्या ३६ आठवड्यांपैकी किमान २६ आठवडे काम केलेलं हवं. एवढंच असेल तर भत्ता ३ महिने. जास्त मुदत हवी तर गेल्या ५ वर्षांपैकी किमान ४ वर्षं पुरेसं काम झालेलं हवं. मग नोकरीच्या वर्षांप्रमाणे मुदत वाढत जाते. पण कमाल मर्यादा आता फक्त २४ महिने. पहिले दोन महिने पगाराच्या ७५ टक्के, मग ७० टक्के, आणि पगारालाही वरची मर्यादा.

पेन्शनचं वय आता ६७ आहे, २०२८ मध्ये ते ६७ वर्षं ३ महिने होणार. साठीला नोकरी गेली, बासष्टीला भत्ता संपला. पुढची पाच वर्षं?

त्यासाठी दुसरी पायरी आहे, आयओडब्ल्यू नावाची, वयस्कर बेकारांसाठीची. २००६ मध्ये भत्त्याची मुदत कापल्यामुळे जी दरी पडली, ती बुजवायला हा कायदा डिसेंबर २००९ मध्ये आला. तो तात्पुरता आहे, पण त्याची मुदत वाढवत वाढवत आणलीय. यात किमान वेतनाच्या ७० टक्क्यांपर्यंत रक्कम पेन्शन सुरू होईपर्यंत मिळते. आणि महत्त्वाचं म्हणजे बायकोचा पगार विचारत नाहीत, घर विचारत नाहीत, बँकेतली शिल्लक विचारत नाहीत.

अट? बेकारीच्या पहिल्या दिवशी तुमचं वय किमान ६० वर्षं ४ महिने हवं. आणि बेकारी भत्ता तीन महिन्यांपेक्षा जास्त मुदतीचा मिळालेला हवा.

६० वर्षं ३ महिन्यांना नोकरी गेली तर? मग वेगळी खिडकी. १९६५ च्या आधी जन्म असेल तर आणखी एक जुनी योजना आहे, पण ती जोडीदाराचं उत्पन्न बघते. नाहीतर शेवटची पायरी, सामाजिक साहाय्य. १९६५ मध्ये मार्गा क्लॉम्पे यांनी, म्हणजे त्या देशाच्या पहिल्या महिला मंत्र्यांनी, ते सुरू केलं तेव्हा तो दानाऐवजी हक्क झाला, ही मोठी गोष्ट होती. पण ती खिडकी घर, शिल्लक, जोडीदार, सगळं तपासते.

म्हणजे कंपनीच्या एचआरनं राजीनाम्याच्या कागदावर कोणती तारीख टाकली, यावर पाच वर्षांचं जगणं ठरतं. डच कामगार संघटना वयस्कर सभासदांना सांगतात की सही करण्याआधी विचारा, ते उगाच नाही.

संघटना शांत बसल्या नाहीत. मार्च २०१९ मध्ये सार्वजनिक वाहतूक कामगारांनी सकाळी ६६ मिनिटं गाड्या बंद ठेवल्या. ६६ का? कारण पेन्शनचं वय ६६ वर गोठवा, ही मागणी. त्याच वर्षी जूनमध्ये करार झाला. वय वाढायचा वेग कमी केला, आणि कष्टाची कामं करणाऱ्यांसाठी एक नवा छोटा पूल दिला : मालकानं कामगाराला पेन्शनच्या आधीची तीन वर्षं ठराविक रक्कम देऊन घरी पाठवलं, तर मालकावर पूर्वी बसणारा ५२ टक्के दंडकर बसणार नाही. गंमत बघा. व्हुत पाडली, लवकर निवृत्तीवर दंड बसवला, आणि मग छप्पर घालणाऱ्या, पाइप उचलणाऱ्या माणसाची पाठ ६७ पर्यंत टिकत नाही हे कळल्यावर त्याच दंडात भोक पाडलं.

आपली मुलं तिकडे

आइंडहोव्हनमध्ये काम करणाऱ्या माझ्या एका मित्राशी या विषयावर बोलत होतो. त्याला वाटत होतं की हे सगळं डच लोकांचं, आपला काय संबंध. संबंध आहे. तिथल्या करातच पहिल्या टप्प्यातल्या उत्पन्नावर १७.९ टक्के एओडब्ल्यूची वर्गणी असते. तिथे दहा वर्षं राहिलात तर दहा दुणे वीस, २० टक्के पेन्शनचा हक्क तुमच्या नावावर लागतो, परत आलात तरी. बेकारी भत्त्याची २६ आठवड्यांची अटही तुम्ही पूर्ण करू शकता.

पण व्हिसाचा नियम वेगळा धावतो. कुशल कामगाराच्या परवान्यावर गेलेल्याला नोकरी गेल्यावर नवीन नोकरी शोधायला साधारण तीन महिनेच मिळतात. भत्त्याचा हक्क त्याहून मोठा असला तरी राहण्याचा हक्क आधी संपू शकतो. म्हणजे पुलावर चढायची परवानगी एका खात्याची, उभं राहायची परवानगी दुसऱ्या खात्याची. तिकडे असलेल्यांनी हे दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचावेत.

आणि आता गिरणगाव

म्हटलं होतं ना, मुंबईत येऊ. १८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. पुढे काय झालं ते तुम्ही आजी-आजोबांकडून ऐकलं असेल, नाटक-सिनेमात पाहिलं असेल. मी आज फक्त एका सरकारी योजनेबद्दल बोलतो, जी सहसा कोणी सांगत नाही.

१५ सप्टेंबर १९८६ पासून केंद्र सरकारनं वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजना सुरू केली. बंद पडलेल्या खासगी गिरणीच्या कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५०, तिसऱ्या वर्षी २५. मग बंद. उतरत्या जिन्यासारखी रचना. तोवर माणूस दुसरीकडे लागेल असं गृहीत धरलेलं.

अटी? त्या गिरणीत किमान पाच वर्षं नोकरी. पगार मर्यादेच्या आत. आणि सगळ्यात मोठी अट : गिरणी कायमची आणि कायदेशीररीत्या बंद झालेली हवी. सरकारची रीतसर परवानगी घेऊन, नाहीतर कोर्टानं अवसायक नेमून. आता ज्या गिरणीच्या मालकानं अशी परवानगी घेतलीच नाही, नुसते भोंगे थांबले, यंत्रं थांबली आणि फाटकाला कुलूप लागलं, तिथला कामगार घरी बसलेला असूनही कागदावर त्याची गिरणी चालू! तो बेकारही नाही आणि निवृत्तही नाही. मगाशी सांगितलेली दोन दारं आठवा.

आणि दुसरा काठ? समजा पंचेचाळीस वर्षांच्या कामगाराला तीन वर्षांचं साहाय्य पूर्ण मिळालं. अठ्ठेचाळीसाव्या वर्षी ते संपलं. त्यानंतर कोणती पेन्शन त्याची वाट बघत होती? १९७१ ची योजना मुख्यतः कामगार गेल्यावर त्याच्या कुटुंबाला पेन्शन देणारी होती. कामगाराला स्वतःला म्हातारपणी पेन्शन देणारी योजना, जिला आपण ईपीएस-९५ म्हणतो, ती आली १६ नोव्हेंबर १९९५ ला. तोवर फंड आणि ग्रॅच्युइटी, तीही मिळाली तर. डच यानच्या पुलाला एक महिन्याचं भोक पडलं होतं. परळच्या कामगाराला अर्धा पूल मिळाला, आणि पलीकडे काठच नव्हता.

आज? ईपीएस-९५ मध्ये किमान दहा वर्षं नोकरी झाली असेल तर ५८ व्या वर्षी पेन्शन. पन्नाशीपासून आधी घेता येते, पण दर वर्षामागे ४ टक्के कपात, आणि ती कपात कायमची. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन महिना १,००० रुपये. आणि बेकारीसाठी ईएसआय असलेल्यांना २०१८ पासून अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना आहे : जास्तीत जास्त ९० दिवस, तेही आयुष्यात एकदा.

मग आपण काय घ्यायचं यातून?

मला या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट पटली. पेन्शनचं वय वाढवायला हवं की नको, यावर टीव्हीवर भांडणं होतात. माणसं जास्त जगतात, तर वय वाढणार, यात मला चूक दिसत नाही. चूक होते ती खुंटी हलवताना दोर न मोजण्यात. तिचा भार पडतो तो नेमका त्या वर्षी दरीच्या कडेला उभ्या असलेल्यावर. त्याला मागेही जाता येत नाही, पुढेही जाता येत नाही. वीस वर्षं आधी सांगितलं तर तोच बदल लोक पचवतात. सहा महिने आधी सांगितलं तर एका महिन्याचीही दरी होते.

म्हणून उद्या एखाद्या बातमीत ‘निवृत्तीचं वय’, ‘नवीन योजना’, ‘बेकारी साहाय्य’ असं काही दिसलं, तर मथळ्यावर थांबू नका. तीन गोष्टी शोधा. पुलावर चढायची अट काय आहे? पूल किती महिन्यांचा आहे? आणि तो जिथे टेकतो तो काठ खरंच तिथे आहे का?

आणि आजच्यासाठी एक छोटं काम. आईबाबांपैकी कोणी खासगी नोकरीत असेल, तर आज त्यांच्याबरोबर बसून त्यांचं ईपीएफचं पासबुक फोनवर उघडा. पेन्शनच्या खात्यात किती वर्षं नोकरी धरलीय ते बघा. दहा भरलीत का? मधे कंपनी बदलली तेव्हाची वर्षं जोडली गेलीत का? जन्मतारीख बरोबर आहे का? हे आत्ता दुरुस्त करता येतं. सत्तावन्नाव्या वर्षी, नोकरी गेल्यावर, बंद पडलेल्या कंपनीच्या ऑफिसात सहीसाठी हेलपाटे घालण्यापेक्षा रविवारचा एक तास खूप स्वस्त पडतो.

आजच्यापुरतं एवढंच. एपिसोड आवडला तर त्या सोसायटीतल्या काकांनाही पाठवा. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!